खलाशांची ओळ

माझी बायको नोल्फा माणसांच्या कामावरून त्यांचा वर्ग ठरवायची. हीच तिची नोकरी होती. शहरातल्या एका विद्यापीठात पाहणी विभाग आहे. तिथली माणसं दर काही वर्षांनी घरोघर जाऊन विचारतात, तुम्ही काय काम करता, आणि तुम्ही लहान होता तेव्हा तुमचे वडील काय काम करायचे. लोक आपल्या मनाला येईल तसं उत्तर देतात. कोणी म्हणतं, "विकतो." कोणी म्हणतं, "मिळेल ते." त्या उत्तराला आधी एक कोड मिळतो. पाव भाजणाऱ्याचा एक, नर्सचा एक, कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याचा एक. असे शेकडो कोड आहेत. मग त्या शेकडो कोडांचे सात वर्ग करायचे. हे दुसरं काम नोल्फाचं.

नुसत्या कोडावरून वर्ग ठरत नाही, हे मला तिच्याकडून कळलं. धंदा तुमचा की दुसऱ्याचा, आणि तुमच्या हाताखाली किती माणसं, हेही बघावं लागतं. पाव भाजणारा दुसऱ्याच्या भट्टीवर असेल तर एका वर्गात, स्वतःच्या भट्टीवर असेल तर दुसऱ्या, आणि त्यानं बरीच माणसं कामाला ठेवली असतील तर तिसऱ्या. पाव तोच.

एकदा मी तिला विचारलं, "सातच का? देशात माणसं इतकी."

ती पावाचं पीठ मळत होती. म्हणाली, "सातपेक्षा जास्त केले तर काही दिसत नाही. कमी केले तर जे दिसतं ते खोटं असतं."

"आणि सातात काय दिसतं?"

"कोणाचं पोर कुठं पोचणार, ते. एकेकट्याचं नाही दिसत. सगळ्यांचं मिळून दिसतं."

मी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. इंजिनाच्या आवाजावरून आत काय झिजलंय ते मला सांगता येतं, पण त्यासाठी कान लावावा लागतो. ही बाई न बघितलेल्या माणसांबद्दल तीन उत्तरांवरून सांगत होती. मला ते तेव्हाही अद्भुत वाटलं होतं आणि आजही वाटतं.

आमची ओळखही अशाच एका कोडातून झाली. पाहणीवाली मुलगी माझ्या दारात आली होती. काम विचारलं, मी सांगितलं, "माएस्त्रो." आमच्या किनाऱ्यावर हातात पाना धरणारा, भिंत बांधणारा, छत शाकारणारा, सगळे माएस्त्रो. पण कोडांचं पुस्तक परदेशातून आलेलं. त्यात माएस्त्रो म्हणजे शाळेत शिकवणारा. कोड देणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुस्तकात बघितलं आणि मला प्राथमिक शाळेत नेऊन बसवलं. नोल्फाच्या लक्षात आलं की हा शिक्षक स्वतः सहावीच्या पुढं गेलेला नाही. ती खात्री करायला आली. मी दारातच एक पंप उघडून बसलो होतो.

"तुम्ही कुठल्या शाळेत शिकवता?"

"मी? मी इंजिनं दुरुस्त करतो."

"मग माएस्त्रो का सांगितलंत?"

"आहे म्हणून सांगितलं. विचारा कोणालाही."

ती हसली. म्हणाली, "त्या एका शब्दानं तुम्ही चार पायऱ्या वर चढला होता. आता मला तुम्हाला खाली आणावं लागेल."

मी म्हटलं, "आणा की. पण चहा घेऊन आणा."

तेव्हापासून ती माझ्या घरात होती. गेल्या हिवाळ्यात गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळे अचानक झालं असं म्हणता येणार नाही, पण मला ते अचानकच वाटतं. आम्हाला मूलबाळ नाही. दोघांचा चहा करायची सवय असलेल्या हाताला एकाचा चहा जमत नाही. किटलीत रोज उरतो.

वसंतात एका दुपारी मियाराय आली. ही नोल्फाच्या शेजारच्या टेबलावर बसून काम शिकलेली मुलगी. आता पीएचडी झाली आहे आणि विभाग तीच बघते. येताना सफरचंदाचा केक आणला होता.

"कसे आहात, माएस्त्रो?"

"बरा आहे. बस. चहा जास्तच आहे."

तिनं चहा घेतला, केक कापला, माझ्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. मग म्हणाली, "मी एका कामासाठी आलेय. नोल्फाताईंबद्दल आहे. आत्ता नको असेल तर नंतर येते."

"पोरी, तिच्याबद्दल बोलायला इथं दुसरं कोण येतं? बोल."

काम असं होतं. नोल्फानं कोडांचे वर्ग करायचा एक तक्ता बनवला होता. म्हणजे लांबच लांब यादी, कॉम्प्युटरला समजेल अशा भाषेत. अमुक कोड आणि अमुक उत्तरं असतील तर अमुक वर्ग, एका ओळीत एक. बऱ्याच ओळी परदेशी पुस्तकाप्रमाणे. आता विभाग तो तक्ता देशातल्या सगळ्या विद्यापीठांना वापरायला देणार होता. शुक्रवारी बैठक होती. बैठकीचा नियम ठरला होता: जिथं नोल्फानं पुस्तक सोडलं आहे तिथं कारण असेल तर तिची ओळ राहील, कारण नसेल तर पुस्तकाची ओळ येईल.

"आणि त्यांनी प्रत्येक ठिकाणी कारण लिहून ठेवलंय," मियाराय म्हणाली. "माएस्त्रोंच्या ओळीशेजारी काय लिहिलंय माहीत आहे? 'पुस्तकाला आमचे माएस्त्रो माहीत नाहीत.'"

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, हे हसून झाल्यावर लक्षात आलं.

"फक्त एका ओळीला कारण नाही. कोळ्यांच्या."

परदेशी पुस्तकाप्रमाणे, जो कोळी स्वतःसाठी काम करतो असं सांगतो तो छोट्या मालकांच्या वर्गात जातो. दुकानदार, शिंपी, स्वतःची टॅक्सी चालवणारा, त्यांच्याबरोबर. नोल्फानं तसं केलं नव्हतं. तिनं आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या कोळ्यांना उचलून मजुरांच्या वर्गात घातलं होतं.

"त्या कधी याबद्दल घरी काही बोलल्या का?" मियारायनं विचारलं. "एखादं वाक्य जरी आठवलं तरी चालेल. मी ते लिहीन आणि ओळ राहील."

ती माझ्याकडे बघत होती. मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं विश्वास ठेवला असता. तिलाही ती ओळ राहायला हवी होती. नोल्फाच्या एवढ्या वर्षांच्या कामात एकच जागा अशी निघाली होती जिथं कोणीतरी तिला 'का' म्हणून विचारत होतं, आणि उत्तर द्यायला ती नव्हती. माझ्या तोंडात वाक्य तयार झालं होतं. पण नोल्फा आयुष्यभर लोकांच्या उत्तरांतलं खोटं शोधत होती, आणि माझ्याकडून तिच्याच तक्त्यात एक खोटं उत्तर जाणार होतं.

मी म्हटलं, "आठवत नाही, पोरी."

"बरं," ती म्हणाली. तिनं आग्रह केला नाही. "एक दाखवायचंय तुम्हाला. उद्या विभागात याल?"

दुसऱ्या दिवशी गेलो. नोल्फाच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं नव्हतं, पण खुर्ची तीच होती. मियारायनं पडद्यावर एक चौकोनी तक्ता आणला. डाव्या बाजूला वडिलांचे सात वर्ग, वरून खाली. वरच्या बाजूला मुलांचे सात वर्ग, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक घरात एक आकडा.

"हे बघा. या घरात ती माणसं, ज्यांचे वडील मजूर होते आणि तीही मजूर आहेत. हे घर वर चढलेल्यांचं. हे खाली आलेल्यांचं. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ ओढली तर तिच्यावर जे आहेत, ते बापाच्याच पायरीवर राहिले."

मला वाचायला थोडा वेळ लागला. मग अचानक दिसलं. चौकात लोक रांगेनं उभे असावेत आणि आपण चर्चच्या मनोऱ्यावरून बघावं, तसं. अख्खा किनारा तिथं उभा होता. मी ज्यांची इंजिनं दुरुस्त केली ते, ज्यांनी मला पाव विकला ते, ज्यांच्या मुली लग्न होऊन राजधानीला गेल्या ते. सगळे आपापल्या घरात. आणि त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं की आपण इथं उभे आहोत.

"हा नोल्फाताईंच्या ओळीनं केलेला. आता पुस्तकाची ओळ घालते."

तिनं दोन-चार कळा दाबल्या. तक्ता क्षणभर गेला आणि परत आला. बाकी बहुतेक होतं तसंच होतं. पण एका घरातला आकडा निम्म्यावर आला होता आणि दुसऱ्या एका घरातला फुगला होता.

"काय झालं?"

"कोळी छोटे मालक झाले. त्यांची मुलं आहेत माशांच्या भुकटीच्या कारखान्यात. म्हणजे मजूर. त्यामुळे मालकाचा मुलगा मजूर झाला असं दिसतं. आमच्या किनाऱ्यावरची निम्मी पोरं बापाच्या पायरीवरून खाली घसरली, असं दिसतं. उद्या कोणीतरी यावर लेख लिहील. किनारा बुडाला, असं लिहील."

"आणि नोल्फाच्या ओळीनं?"

"ती होती तिथंच आहेत. कोणी घसरलं नाही, कारण कोणी वर नव्हतंच."

मी पडद्याकडे बघत राहिलो. एका ओळीनं शेकडो कुटुंबं जिना उतरली होती. कोणाची भिंत हलली नव्हती, कोणाच्या ताटातला मासा कमी झाला नव्हता. पण ती उतरली होती. माझी बायको रोज सकाळी डबा घेऊन या कामाला येत होती, आणि संध्याकाळी घरी येऊन बटाटे सोलत होती.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"तेच तर," मियाराय म्हणाली.

मी म्हटलं, "लोबेरियाला जाऊ. तिथले कोळी माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनाच विचार."

लोबेरियाला गेलो तेव्हा उत्तरेचा वारा सुटला होता आणि बंदर बंद होतं. बोटी वर ओढलेल्या. शेडमध्ये माणसं जाळी शिवत बसली होती आणि तेलात सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, तळल्या जात होत्या. एफ्राइननं मला लांबूनच बघितलं. हा पोर्फियादा नावाच्या बोटीवरचा जुना खलाशी, माझ्याच वयाचा.

"माएस्त्रो, इंजिन मेल्याशिवाय तू इकडं फिरकत नाहीस. आज कोण मेलं?"

मग त्याला आठवलं. हातातली सुई थांबली. "माझं तोंडच फाटकं, कोंपाद्रे. माफ कर."

"राहू दे रे. तुझं तोंड मला माहीत आहे."

"बस. खाऊन घे. ही कोण, मुलगी?"

"नोल्फाच्या विभागातली. तिला काही विचारायचंय."

"लग्नाचं असेल तर माझं झालंय," तो म्हणाला.

"बायको अजून खात्री करून घेतेय," शेजारी जाळं धरून बसलेला एक जण म्हणाला, आणि शेडमध्ये हशा झाला.

मियाराय उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. सोपाइपिया हातात घेऊन तिनं विचारलं, "तुम्ही स्वतःसाठी काम करता की दुसऱ्यासाठी?"

"स्वतःसाठी," एफ्राइन लगेच म्हणाला. "माझ्या डोक्यावर साहेब नाही. मला पगार नाही. मी वाट्यावर जातो."

"वाटे कसे पडतात?"

"अर्धं बोटीचं. उरलेल्या अर्ध्यात आम्ही सगळे. त्यातही वाल्देमारचा एक वाटा, कारण सुकाणू तो धरतो."

"आणि बोट?"

"तीही वाल्देमारची."

"मग मासे कोणाचे?"

एफ्राइननं सुई जाळ्यात खोचली. "पाण्यात असतात तोवर कोणाचेच नाहीत. बोटीत आले की सगळ्यांचे. किनाऱ्याला लागले की वाल्देमारचे."

पुन्हा हसले सगळे. मियाराय हसली नाही. तिनं विचारलं, "सकाळी बोट काढायची की नाही, हे कोण ठरवतं?"

"बंदराचा कप्तान. आज बघ, त्यानंच सगळ्यांना आजी बनवून विणायला बसवलंय."

"त्यानं बंदर उघडलं तर?"

"मग वाल्देमार."

"आणि तुम्ही नाही म्हणालात तर?"

या प्रश्नावर कोणी विनोद केला नाही. एफ्राइन म्हणाला, "एकदा म्हणालो होतो. पोराला ताप होता. पुढचा सगळा हिवाळा मी किनाऱ्यावर उभा राहून बोट जाताना बघितली."

वारा पत्र्यावर आदळत होता. मग एफ्राइन माझ्याकडे वळला. "तुझ्या बायकोनं मला हेच विचारलं होतं. जवळजवळ याच शब्दांत."

"नोल्फानं? कधी?"

"पोर्फियादाचा पंप गेला होता तेव्हा. ती तुझं जेवण घेऊन आली होती. तू बाहेर येईनास, मग बसली आमच्यात. ही बसलीय तिथंच."

"मी कुठं होतो?"

"इंजिनात. नुसते पाय दिसत होते."

तो दिवस मला आठवला. पंप आठवला, त्याचा गंजलेला बोल्ट आठवला, थंड झालेली मसूर आठवली. पाठीमागं चाललेलं बोलणं आठवलं नाही. माझं डोकं इंजिनात होतं आणि हातभर अंतरावर नोल्फाची ती ओळ तयार होत होती. मी तिथंच होतो, तरी नव्हतो.

"तिनं काय लिहून घेतलं?" मियारायनं विचारलं.

"काही नाही. ऐकत बसली. मग म्हणाली, 'एफ्राइन, तुम्ही स्वतःसाठी काम करत नाही. तुम्हाला तसं वाटतं.' मला असा राग आला होता. माएस्त्रोची बायको म्हणून गप्प राहिलो."

"अजून आहे का राग?" मी विचारलं.

त्यानं सुई पुन्हा हातात घेतली. "नाही. माझा मोठा भुकटीच्या कारखान्यात लागला ना, तेव्हा लोक म्हणाले, बापाची बोट सोडून नोकर झाला. पोरगं मान खाली घालून फिरायचं. मी त्याला म्हटलं, कुठली बापाची बोट? मी आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर गेलो. तू काही सोडलं नाहीस. हे मला त्या दिवशी सुचलं ते तुझ्या बायकोच्या त्या बोलण्यामुळे."

मियारायनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत आनंद होता. कारण मिळालं होतं. मलाही हलकं वाटलं. तेवढ्यात वाल्देमार शेडमध्ये आला. जाडजूड माणूस, लोकरी टोपी, हाताला ग्रीस. तोही जाळं शिवायलाच बसला, एफ्राइनच्या शेजारी.

मियारायनं त्यालाही विचारलं. काम काय?

"कोळी."

स्वतःसाठी की दुसऱ्यासाठी?

"स्वतःसाठी."

हाताखाली किती माणसं?

"हाताखाली कोणी नाही. हे सगळे सोबती आहेत. विचारा त्यांना."

एफ्राइननं मान डोलावली. "सोबतीच आहोत. फक्त जेवायला हा घरी जातो आणि आम्ही इथं."

मला कळायला एवढं पुरेसं होतं. दोघं शेजारी बसून एकच जाळं शिवत होते आणि तिन्ही प्रश्नांना दोघांचं उत्तर एकच होतं. कोळी, स्वतःसाठी, हाताखाली कोणी नाही. पुस्तकानं दोघांना मालक केलं. नोल्फानं दोघांना मजूर केलं.

मी विचारलं, "वाल्देमार, नोल्फानं तुला कधी काही विचारलं होतं?"

"सेन्योरा नोल्फानं? नाही. का?"

"पंप गेला होता त्या दिवशी तू कुठं होतास?"

"शहरात. तूच नाही का मला बोल्ट आणायला पिटाळलंस? दिवसभर फिरलो." मग त्याला शंका आली. "का रे? माझं काय केलंय तुम्ही?"

मियारायनं त्याला सरळ सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

"मला खलाशांत टाकलं? माझ्या बापानं ती बोट स्वतःच्या हातानं बांधली. मी तिच्यापायी झोपलेलो नाही. माझी पोरगी नर्स आहे, ती त्या बोटीच्या कमाईवर शिकली. आणि मी मजूर?"

"घे की रे आमच्यात," एफ्राइन म्हणाला. "बोट पण घेऊन ये."

शेड पुन्हा हसली. वाल्देमारही शेवटी हसला. मला हसता आलं नाही.

परत येताना मियाराय गाडी चालवत होती. नदीवरचा पूल लागला.

मग ती म्हणाली, "कारण मिळालंय, माएस्त्रो. मी ओळ आहे तशी ठेवू शकते. बैठकीत कोणी हरकत घेणार नाही. मालक थोडेच आहेत, खलाशी जास्त."

ती चांगुलपणानं बोलत होती, हे मला कळत होतं. मला गप्प राहायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. नदी रुंद होती आणि वाऱ्यानं तिच्यावर सगळीकडे पांढरे फटकारे उठले होते.

मी म्हटलं, "वाल्देमार मजूर आहे का?"

"नाही."

"मग तो तिथं राहून चालणार नाही."

एवढं बोलून मला थकवा आला. नोल्फाचे कपडे चर्चला देऊन टाकले त्या दिवशी आला होता तसा. तिचं काहीतरी आहे तसं घरात ठेवता आलं असतं, आणि मी ते उचलून दारात ठेवलं होतं.

"चूक झाली का तिची?" मी विचारलं.

"अर्धी. त्यांनी ज्यांना विचारलं त्यांच्याबद्दल त्या बरोबर होत्या."

"अर्धी चूक तुमच्याकडे कुठल्या वर्गात जाते?"

मियाराय गालातल्या गालात हसली. "चुकांना वर्ग नाही, माएस्त्रो. त्या सगळ्यांत असतात." थोडं पुढं गेल्यावर तिनं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "पण वेगळं करायचं कसं? उत्तरं तर सारखीच आहेत. नवीन पाहणीत बोट कोणाची असा प्रश्न घालता येईल. जुन्या पाहणीतली माणसं आता कुठं शोधू? काही तर वारलीसुद्धा असतील."

मला यातलं काही सुचणं शक्य नव्हतं. ती स्टीअरिंगवर बोटं आपटत राहिली. मग बोटं थांबली.

"वस्तू," ती म्हणाली. "शेवटी आम्ही विचारतो ना, घरात काय काय आहे, आणि लहानपणी वडिलांच्या घरात काय काय होतं. फ्रिज, टीव्ही, गाडी. किनाऱ्यावरच्या गावांसाठी त्यात एक शब्द जास्त घातला होता. बोट."

आम्ही सरळ विभागात गेलो. तिनं कोट न काढता कॉम्प्युटर सुरू केला. नोल्फाची एक ओळ पडद्यावर आणली, तिच्यात बोटीची अट घातली आणि तिच्याखाली दुसरी लिहिली. कोळी असेल, स्वतःसाठी म्हणाला असेल आणि घरात बोट नसेल तर मजूर. कोळी असेल, स्वतःसाठी म्हणाला असेल आणि घरात बोट असेल तर छोटा मालक. मी तिच्या मागं उभा होतो. मला वाटलं, असं एवढ्यावर कसं वेगळं होईल. लोक विसरले असतील, खोटं बोलले असतील.

तिनं कळ दाबली.

आधी तिनं फक्त कोळ्यांचा तक्ता काढला. किनारा दोन भागांत उभा राहिला. बोट नसलेल्यांची मुलं जवळजवळ सगळी एका घरात, कारखान्यांत आणि दुसऱ्यांच्या बोटींवर. बोट असलेल्यांची मुलं विखुरलेली, काही नर्स, काही दुकानात, काही कारखान्यातसुद्धा, काही बापाच्याच बोटीवर. इतकी वर्षं ही दोन्ही प्रकारची माणसं एका कोडाखाली खांद्याला खांदा लावून बसली होती आणि फरक कोणाला दिसला नव्हता. फ्रिजच्या आणि टीव्हीच्या यादीतल्या एका शब्दानं तो दिसला.

"नोल्फाताईंना हे बघायला मिळायला हवं होतं," ती शेवटी म्हणाली.

मलाही तेच वाटत होतं आणि ते बोलायची माझी तयारी नव्हती.

मग तिनं सगळ्यांचा मोठा तक्ता परत काढला. फुगलेलं घर पुन्हा बसलं. नोल्फाच्या तक्त्यात होतं त्यापेक्षा थोडंसं वेगळं, पण थोडंसंच. जिना उतरलेली माणसं आपल्या जागी परत आली होती.

"आता कारण लिहायचं," मियाराय म्हणाली. तिनं पहिल्या ओळीशेजारी लिहिलं: 'वाट्यावर जाणारा खलाशी स्वतःसाठी काम करतो असं सांगतो; बोट काढायची की नाही हे मालक ठरवतो. लोबेरियातल्या खलाशांना विचारून.' शेवटी नोल्फा रिफो असं पूर्ण नाव घातलं. मग दुसऱ्या ओळीशेजारी लिहायला लागली आणि तिथंही तेच नाव घालत होती.

मी तिचा हात थांबवला. "तिथं नको."

"का? तक्ता त्यांचाच आहे."

"पहिली ओळ तिची. ती तिनं विचारून केली. दुसरी तुझी आहे. तिला जे माहीत नव्हतं ते तिच्या नावावर घालू नकोस, आणि तू जे शोधलंस तेही नको."

तिनं अर्धं लिहिलेलं नोल्फाचं नाव खोडलं. मग तिनं स्वतःचं नाव लिहिलं, मियाराय वेंचुमिल, आणि डोळे पुसले.

दोन ओळी एकाखाली एक दिसत होत्या. शुक्रवारनंतर त्या देशभर जाणार होत्या, आणि आम्ही कोणी नसू तेव्हाही कोणीतरी कुठंतरी एक कळ दाबणार होतं आणि आमच्या किनाऱ्यावरची माणसं या दोन ओळींतून जाऊन आपापल्या जागी उभी राहणार होती.

मियाराय कोट काढायला गेली. मी नोल्फाच्या खुर्चीवर बसलो आणि तक्ता बघत राहिलो. मजुरांचे मुलगे, स्वतःही मजूर, हे घर मी शोधून काढलं. एफ्राइनच्या दारात पाहणीवालं कधी कोणी गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण त्याच्यासारखे त्या आकड्यात होते, आणि त्यांचे मुलगे त्यांच्या शेजारी होते. कोणीही खाली पडलेलं नव्हतं.